शेपटीवर पेटणारं माकड: जुन्या रशियन चांदीच्या एका दुरुस्तीच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

घेतलं एकदाचं. विकणारा ४२० युरो म्हणत होता, ३८० वर आला. हेलसिंकीच्या जुन्या बाजारात पितळी समया शोधत होते आणि एका टेबलावर काचेच्या बरण्यांमागे हे बसलेलं दिसलं. चांदीचं माकड, उकिडवं, दोन्ही हात गुडघ्यांवर. उंची साडेअकरा सेंटिमीटर. घरी येऊन वजन केलं, ४१२.३ ग्रॅम.

मान मागे पडते, मानेत बिजागरी आहे. आत पोकळ. शेपटी पाठीमागून वर येते आणि तिच्या टोकाला नळी आहे, त्यात काळीठिक्कर वात अडकलेली. म्हणजे टेबलावर ठेवायचा सिगार पेटवायचा दिवा. डोकं उघडायचं, पोटात स्पिरिट ओतायचं, शेपटीचं टोक पेटवायचं. जेवणं उरकली की पुरुषमंडळींमध्ये हे माकड फिरत असणार. पीटर्सबर्गच्या कारागिरांनी १९०० च्या आसपास असे बरेच प्राणी घडवले. कुणाच्या पोटात दिवा, कुणाच्या पोटात मीठ, कुणाच्या पाठीवर नोकराला बोलवायच्या घंटीचं बटण.

विकणारा हळू आवाजात म्हणाला, "राप्पोपोर्त." म्हणजे रशियाच्या झारचा जवाहिऱ्या फाबेर्जे, त्याच्या पेढीसाठी चांदीचे प्राणी करणारा यूलियस राप्पोपोर्त. हे खरं असतं तर ३८० युरोत तो मला त्या टेबलाचा पायही देता ना. पण नाव कानात बसलं ते बसलं. पुढच्या निम्म्या चुका त्या नावापायी झाल्या.

दोष: शेपटी बुडाशी तुटून करड्या धातूने ओबडधोबड चिकटवलेली. पाठीवर बोटाच्या पेराएवढा पोचा. बिजागरीची कडी लोखंडी आणि गंजलेली.

रात्री हुपरीला, कोल्हापूरजवळच्या आमच्या चांदीकामाच्या गावी, व्हिडिओ कॉल केला. आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन नाकाला लावून पाहिलं. "आगं, ह्यो तर मारुती! शेपटीला चिंध्या गुंडाळून पेटवायचाच ऱ्हायलाय." चाळीस वर्षं पैंजण आणि जोडवी घडवलेला माणूस, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला होता. "वजन किती?"

१४ ऑक्टोबर

पहिली चूक, आणि सगळ्यात मोठी.

माकड काळपट होतं. वाटलं, आधी धुऊन घेऊ, मग ठसे नीट दिसतील. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल, वर धुण्याचा सोडा, वर उकळतं पाणी. सगळीकडे सांगतात तोच उपाय. चार मिनिटांत कुजक्या अंड्याचा वास आला, आठ मिनिटांत माकड बाहेर काढलं.

बाहेर आलं ते स्टीलच्या दुकानातलं माकड. पांढरं, निस्तेज, सपाट. चेहरा गेला. केस गेले. म्हणजे केस होते तिथेच होते, पण त्यांच्या खाचांमधला काळेपणा उतरला होता आणि त्याच्याशिवाय डोळ्याला ते दिसेनात. हा उपाय चांदीवरचं गंधकाचं काळं पटल तोडून टाकतो, सरसकट. कुठलं काळं शंभर वर्षांत चढलं आणि कुठलं कारागिराने मुद्दाम चढवलं, हे सोड्याला कळत नाही.

आण्णांना फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग फोन.

"तू ते काळं काढलंस?"

"हो."

"त्यो मळ न्हवता. ती नक्षी हुती."

याच्या पुढे ते काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

हे वाचून कुणी असंच काही हातात घेणार असेल तर रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश, बास. त्याने जे निघत नाही ते निघू नये म्हणूनच तिथे आहे असं धरून चालायचं.

२० ऑक्टोबर, रविवार

ठसे. दहा पटीचं भिंग १८ युरो, कॉम्प्युटरला जोडायचं मायक्रोस्कोप ४५ युरो. दिवसभर हेच.

ठसे एकूण चार, त्यातले तीन बुडाच्या कडेवर. पहिल्यात ८४ आणि शेजारी बाईचं डोकं, डावीकडे तोंड केलेलं, डोक्यावर मुकुटासारखं कोकोश्निक. हे रशियन बायकांचं पारंपरिक शिरोभूषण. सरकारी तपासणीत हा ठसा १८९९ पासून आला. १९०८ पर्यंत बाई डावीकडे बघते, त्यानंतर उजवीकडे. त्याआधी पीटर्सबर्गचा ठसा नांगरांचा आणि मॉस्कोचा घोडेस्वार संत जॉर्जचा. म्हणजे माझं माकड १८९९ ते १९०८ मधलं. बाईच्या शेजारी दोन बारीक अक्षरं आहेत. पहिलं आरशातल्या आर-सारखं, त्याचा उच्चार 'या'. ही याकोव्ह ल्यापुनोव्हची आद्याक्षरं, पीटर्सबर्गचा तपासनीस. म्हणजे गावही ठरलं.

८४ म्हणजे ९६ पैकी ८४ भाग चांदी, आजच्या भाषेत हजारात ८७५. रशियन पौंडाचे ९६ झोलोत्निक, त्यावरून हे माप. आण्णांना सांगायला गेले तर त्यांनी अर्ध्यातच तोडलं. "म्हंजी तोळ्याला ८४ गुंजा." बरोबरच. आपल्या तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, एकूण ९६. मी दोन तास वाचून जे समजून घेतलं ते त्यांना एका श्वासात कळलं. ८८ आणि ९१ चेही रशियन ठसे असतात, ते जास्त शुद्ध. ८४ हे रोजचं.

दुसरा ठसा कारागिराचा. अंडाकृती चौकट, दोन अक्षरं. पहिलं पार घासून गेलंय. दुसरं इंग्रजी पी-सारखं दिसतं, आणि रशियन लिपीत तोच 'र'. राप्पोपोर्तचा ठसा 'आय' आणि हा 'र', म्हणजे इंग्रजी डोळ्याला आय पी वाटतो. विकणाऱ्याची सगळी कथा या एका अक्षरावर उभी होती. पण दुसरं अक्षर 'र' असलेले कारागीर पीटर्सबर्गात एकच का असतील?

तिसरा ठसा फाबेर्जेचं नाव, रशियन लिपीत. पहिलं अक्षर गोलातून उभी काठी गेल्यासारखं. स्वच्छ, ठसठशीत. मी खुर्चीतून उठले आणि चहा केला. चौथ्या ठशात परत नुसतं ८४ आहे, डोक्याच्या आतल्या कडेवर.

त्या रात्री झोप नीट लागली नाही. आता लिहिताना हसू येतं.

२३ ऑक्टोबर

सोनं-चांदी विकत घेणाऱ्या एका दुकानात क्ष-किरण तपासणी केली. २५ युरो, दहा मिनिटं. अंगावरचा आकडा ९३.१ टक्के. मी म्हटलं, ८४ च्या मालात ९३ कसं? माणूस खांदे उडवून मोकळा. घरी आल्यावर उमगलं. हे यंत्र फक्त वरची त्वचा वाचतं. चांदी तापवून आम्लात टाकली की वरचं तांबं निघून जातं आणि पृष्ठभाग शुद्ध होत जातो. हुपरीत चांदी 'उजळायची' रीत हीच, मी लहानपणापासून बघितलेली, आणि तरी सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेले. आतल्या कडेवर कानशीचा एक हलका हात मारला आणि तिथे यंत्र धरायला लावलं. ८७.४. हे बसतं. माणसाने दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत.

शेपटी मात्र ८१.६. ती या माकडाची नाहीच. फिनलंडचं जुनं प्रमाण ८१३, सोळा भागांत तेरा. म्हणजे मूळ शेपटी कधीतरी तुटली किंवा हरवली आणि इथल्याच कुणा सोनाराने नवी करून दिली. १९१७ पर्यंत फिनलंड रशियन साम्राज्याचाच भाग होता. फाबेर्जेच्या पीटर्सबर्गच्या कार्यशाळांत फिनिश माणसं भरपूर. कोलिन, विगस्ट्रॉम, होल्मस्ट्रॉम, सगळे इकडचे. माल आणि माणसं त्याच रेल्वेने ये-जा करत. आता ती गाडी २०२२ पासून बंद आहे. पीटर्सबर्गात शुवालोव्ह राजवाड्यात २०१३ पासून फाबेर्जेचं संग्रहालय आहे, एके काळी इथून साडेतीन तासांवर. मला मात्र सगळं फोटोंवरच भागवायचंय.

ठरवलं, फिनिश शेपटी तशीच ठेवायची. चांगली केलेली आहे, नुसती जोडणाऱ्याने घाण केली.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

काम नाही. माकडाला चांदीच्या नाण्याशेजारी बसवलं. आईला फोनवर दिसलं, तिने हळदकुंकू लावायला लावलं. कुंकू केसांच्या खाचांत गेलं ते निघायला दोन दिवस लागले.

५ नोव्हेंबर, मंगळवार

संध्याकाळचा चांदीकामाचा वर्ग, सत्राची फी १२० युरो. आज करडा धातू काढायचा होता. ते शिसं आणि कथील, नळदुरुस्तीवाले वापरतात तसलं. शिसं ठेवून चांदीचा पक्का डाख, म्हणजे वितळवून सांधा जोडायचा धातू, देता येत नाही. जास्त तापल्यावर शिसं चांदीत शिरतं आणि भोकं पाडतं. म्हणून आधी हलक्या आचेवर वितळवून, पुसून, उरलेलं खरवडून काढायचं.

तापवण्याआधी दोन गोष्टी करायच्या असतात, त्यातली एकच केली. पोकळ वस्तू बंद असेल तर आतली हवा फुगून ती फुटते, म्हणून डोकं उघडं ठेवलं. दुसरी गोष्ट विसरले. शेपटीच्या नळीतली वात. शंभर वर्षांचं तेल आणि काजळी प्यालेली.

नळीच्या टोकाला ज्योत लागायचा अवकाश, शेपटी भसकन पेटली. नुसता धूर नाही, चांगली वीतभर ज्वाळा. शेजारच्या बाकावरची बाई अंगठी घडवत होती, ती अंगठी टाकून मागे सरकली. वर्गाच्या बाईंनी शांतपणे ओलं फडकं टाकलं. नंतर त्यांनी मला मारुतीची गोष्ट सांगायला लावली, फिनिशमध्ये. लंकेपर्यंत पोचले, अशोकवनापाशी माझं फिनिश संपलं.

वात काढली, पोट स्पिरिटने तीनदा धुतलं. काळा गाळ, वाळलेलं तेल, कापूस, सगळं मिळून ०.९ ग्रॅम. कागदाच्या पुडीत बांधून ठेवलं. का, ते तेव्हा माझं मलाच माहीत नव्हतं. सवय.

शेपटी सुटली.

१२ नोव्हेंबर

दुसरी मोठी चूक. शिसं खरवडलं, २.२ ग्रॅम निघालं. कोरणीने, कानशीने, शेवटी लाकडी काडीला रेती लावून. दीड तास. जोडाच्या कोपऱ्यात एक करडी रेघ उरली होती, केसाएवढी. आण्णांनी फोनवर दोनदा बजावलं होतं, "शिसं चांदीला खातंय. थेंब ठिऊ नगंस." मी म्हटलं, एवढीशी तर आहे.

डाख द्यायला तापवलं आणि माकडाच्या ढुंगणावर ज्वारीच्या दाण्याएवढा खड्डा पडला. डोळ्यांदेखत. आधी एक चमकदार ठिपका आला, मग तो आत बसला. मी ज्योत बाजूला घेईपर्यंत खेळ संपलेला.

वर्गाच्या बाई म्हणाल्या, आता पुढे काही करू नकोस, घरी जा.

१९ आणि २६ नोव्हेंबर

दोन मंगळवार फक्त खड्ड्यात गेले. भोवतालची शिसं शिरलेली जागा निखळ पांढरी चांदी दिसेपर्यंत कोरून काढली, खड्डा आधी होता त्याच्या दुप्पट झाला. मग त्यात चांदीचा बारीक तुकडा बसवून डाख दिला.

इथे एक कळीची गोष्ट, ती मला आधी कुणी सांगायला हवी होती. चांदी-तांब्याचं मिश्रण ७७९ अंशांना वितळायला सुरुवात होते, तांबं ठरावीक मर्यादेच्या वर असलं की. आजच्या ९२५ च्या चांदीला थोडी मोकळीक असते, ती ८०० च्या पुढे हलते. ८७५ ला नाही. त्यामुळे कडक डाख, जो ७७० च्या आसपास वाहतो, तो या मालावर म्हणजे कड्यावरून चालणं. मी सगळीकडे मऊ डाख वापरला, ७०० च्या आसपास वाहणारा. टाकणखार भरपूर.

शेपटीचा जोड पहिल्या वेळी बसला नाही. डाखाचे मणी झाले, पसरेनात. कारण साधं. माझी ज्योत शेपटीवर होती. पातळ शेपटी लाल झाली, जाड अंग थंडच. डाख नेहमी गरम भागाकडे धावतो. दुसऱ्या वेळी आधी पाच मिनिटं अंग तापवलं, शेपटीकडे ज्योत नुसती फिरवली. डाख सळसळत जोडात शिरला, एक चकचकीत रेघ उमटली, संपलं. असा एक क्षण मिळाला की आधीचे चार मंगळवार विसरायला होतात.

डाख आणि खड्ड्यातला तुकडा मिळून ०.९ ग्रॅम लागले. डाख, टाकणखार आणि आम्लाची पूड मिळून ३४ युरो.

१ डिसेंबर, रविवार

बाहेर साडेतीनलाच अंधार पडतो. पुन्हा मायक्रोस्कोप काढला, पण यावेळी ठसे वाचायला नाही. पाठीचा पोचा आतून कसा काढायचा ते बघायला मानेतून छोटा आरसा आत घातला होता. आणि आतल्या भिंतीवर, नेमकं फाबेर्जेच्या ठशामागे, एक बारीक उंचवटा दिसला.

बाकीच्या ठशांमागे काही नाही.

मी बराच वेळ तो उंचवटा बघत बसले. सरकारी तपासणीचा ठसा बहुतेक वेळा वस्तू अर्धवट असताना मारतात. आतून आधार देऊन, आणि नंतर कारागीर मागची-पुढची जागा साफ करतो. पूर्ण झालेल्या पोकळ वस्तूवर, आतून आधार न देता कुणी ठोकलं तरच असा फुगवटा आत येतो. मग ठसा बाहेरून तिरका उजेड टाकून पाहिला. बुडाच्या कडेवर शंभर वर्षांच्या सरकवण्याने बारीक ओरखडे पडलेत. ते कोकोश्निकवाल्या बाईच्या गालावरून जातात, कारागिराच्या अक्षरावरून जातात. फाबेर्जेच्या नावापाशी येऊन थांबतात. अक्षरांच्या कडांनी ओरखडे तोडलेत. म्हणजे ओरखडे आधीचे, नाव नंतरचं.

कुणीतरी, कधीतरी, भाव वाढावा म्हणून ठोकलेलं. फाबेर्जेच्या नावाचे असे ठसे इतके निघालेत की जाणकारांत त्यांना वेगळं टोपणनावच आहे. प्राण्यांवर ते जास्त मारतात, कारण राप्पोपोर्तचं नाव प्राण्यांशी जोडलेलं आहे. आता कळतंय, मला २० ऑक्टोबरला ठसा 'स्वच्छ, ठसठशीत' वाटला तिथेच थबकायला हवं होतं. शेजारचे दोघे झिजलेले असताना तिसरा ठसठशीत कसा?

राप्पोपोर्तबद्दल एवढं वाचलं ते फुकट गेलं असं नाही. कोव्हनो प्रांतात १८५१ साली जन्म, बर्लिनमध्ये शिक्षण, मग पीटर्सबर्गात येकातेरिनिन्स्की कालव्यावर स्वतःची कार्यशाळा. फाबेर्जेच्या मुख्य घरात बाकीचे कारागीर असताना हा आपल्या वेगळ्या जागेत राहून पेढीला मोठा चांदीचा माल द्यायचा. आणि तो एकटा नव्हता. पीटर्सबर्गात ग्राचेव्ह बंधू होते. मॉस्कोत भूदास म्हणून जन्मलेल्या ओव्हचिन्निकोव्हची प्रचंड पेढी होती. त्यांच्या आधी साझिकोव्ह होते, १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात गाजलेले. आणि यांच्याभोवती शेकडो छोटे कारागीर, दोन अक्षरांच्या ठशाइतकेच उरलेले. माझं माकड त्यांच्यातल्या एकाचं.

रात्री आण्णांना सांगितलं. मला वाटलं हळहळतील. ते म्हणाले, "मग हुपरीत काय येगळं हाय? पैंजण आमचं, नाव दुकानाचं."

१० डिसेंबर

पोचा काढला. मानेचं तोंड एवढं लहान की आत हातोडी जात नाही. म्हणून एक लांब लोखंडी सळई, टोकाशी वाकवून गोल केलेली, मानेतून आत घालायची आणि तिचं दुसरं टोक शेगड्यात आवळायचं. वाकडं टोक पोच्याखाली टेकवायचं. मग सळईच्या मधल्या भागावर टोले मारायचे. सळई उसळते आणि तिचं टोक आतून चांदीला ठोकतं. प्रत्येक टोल्याला केसाएवढं उचलतं. पंचेचाळीस मिनिटं, दोनशेच्या वर टोले.

घाई केली असती तर पाठीवर आतून पुळी आली असती. यावेळी नाही केली. खड्ड्याने शिकवलं होतं.

२१ डिसेंबर ते ६ जानेवारी

सुट्ट्या. घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर केस घडवले.

ही नोंद लांबणार, पण खरं काम इथेच आहे. खड्डा भरलेली जागा, शेपटीचा जोड आणि पोच्याची जागा या तीन ठिकाणी मूळ केस नाहीसे झाले होते. तिथे कलमाने पुन्हा केस काढायचे. आधी तांब्याच्या पत्र्यावर सराव, राळेच्या कढईत बसवून. तीन संध्याकाळी माझे केस म्हणजे नांगरलेलं शेत दिसत होतं. सगळे समांतर, सगळे सारख्या लांबीचे.

मग कलम बाजूला ठेवून माकडाकडे बघत बसले. मायक्रोस्कोपखाली, नोंदवहीत चित्र काढत. भुवयांमध्ये केस वर जातात आणि मधोमध दुभंगतात, जणू भांग. छातीवर भोवरा आहे, डावीकडे फिरणारा. मनगटापाशी केस आखूड होत होत संपतात आणि पंजाची कातडी सुरू होते. तिथे केस नाहीत, सुरकुत्या आहेत, आणि करंगळीच्या नखाखाली, जिथे कुणी कधीही बघणार नाही, तिथे नखाची कड वेगळी कोरलेली आहे. पाठीवर मात्र कारागीर थकलाय. किंवा त्याला माहीत होतं की पाठ भिंतीकडे असणार. तिथे तीन-चार केसांचे झुबके तेच ते आहेत, एकाच कलमाने झपाझप मारलेले.

त्या झुबक्यांनी मला वाचवलं. माझं काम पाठीवरच होतं. त्याच्या घाईची नक्कल करणं त्याच्या बारकाव्याची नक्कल करण्यापेक्षा सोपं. एक लांब घाव, त्याच्या पोटात दोन आखूड, शेवटी कलम किंचित वळवून उचलायचं म्हणजे टोक निमुळतं होतं. पाचव्या दिवशी जमायला लागलं. आठव्या दिवशी माझे केस कुठे संपतात आणि त्याचे कुठे सुरू होतात हे उघड्या डोळ्याला सांगता येईना. भिंगाखाली येतं. भिंगाखाली यायलाच हवं, नाहीतर माझ्यात आणि तो ठसा मारणाऱ्यात फरक काय.

एकूण तास: मोजले नाहीत नीट. चाळीसच्या आसपास.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. तीळगूळ वर्गात वाटला.

काळेपणा परत आणायचा. गंधकाचं तयार पाणी, ९ युरो. पहिल्यांदा पाणी फार गरम आणि दाट घेतलं. काळा थर पटकन आला आणि वाळल्यावर पापुद्र्यांसारखा सुटला. सगळं पुसून पुन्हा. आण्णांची रीत गंधक-चुना उकळून निवळ घ्यायची, पण फ्लॅटमध्ये तो वास केला तर शेजारी पोलीस बोलावतील. शेवटी तेच तयार पाणी, अगदी फिकं, कोमट, चहाच्या तिसऱ्या पाण्यासारखं. ब्रशने लावायचं, धुवायचं, पुन्हा लावायचं. सात वेळा. मग अंगठ्याने नुसता खडूचा बारीक भुगा फिरवायचा. उंच भाग उजळतात, खाचा काळ्याच राहतात.

सातव्या वेळेला चेहरा परत आला. १४ ऑक्टोबरला मी घालवलेला होता तो नाही, दुसरा. पहिला सैल, थोडा म्हातारा होता. हा जरा तरतरीत दिसतो.

२८ जानेवारी

बिजागरीची गंजकी कडी ठोकून काढली, ०.२ ग्रॅम. चांदीच्या तारेची नवी घातली, ०.३. अर्ध्या तासाचं काम, एकही चूक नाही, म्हणून लिहिण्यासारखं काही नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

हिशेब. माकड ३८०, वर्ग १२०, मायक्रोस्कोप ४५, डाख वगैरे ३४, तपासणी २५, भिंग १८, गंधक ९. एकूण ६३१ युरो. नुसत्या चांदीचा भाव, घेतलं तेव्हाच्या दराने, सव्वातीनशेच्या आसपास. विकायला काढलं तर पैसे सुटणार नाहीत. विकायचं नाहीच.

खोटा ठसा घासून टाकावा का, यावर आठवडाभर विचार केला. ठेवला. घासला तर चांदी जाते आणि माकडाबरोबर काय झालं त्याचा पुरावाही जातो. पण पोटात एक चिठ्ठी घातलीय: पीटर्सबर्ग, १८९९ ते १९०८, ८४ चांदी. शेपटी नंतरची, फिनिश. फाबेर्जेचा ठसा खोटा. पाठीवरचे काही केस २०२५ चे. दिवा लावायचा असेल तर ही चिठ्ठी आधी बाहेर काढा.

मग ती बाहेर काढली, नवी वात घातली, चमचाभर स्पिरिट ओतलं आणि व्हिडिओ कॉल लावला. शेपटीच्या टोकावर निळी ज्योत, बोराएवढी. तिच्या उजेडात माकडाच्या भुवया हलल्यासारख्या वाटतात. आईने हात जोडले. आण्णा वाकून बघत राहिले, मग म्हणाले, "आता वजन किती भरलं?"

४०८.८.

"आधी?"

४१२.३. मला माहीत होतं हे येणार. पुड्या समोरच मांडल्या होत्या. शिसं २.२ गेलं, पोटातला गाळ आणि वात ०.९, कानशीचा भुगा डबीत ०.८, जुनी कडी ०.२. डाख आणि तुकडा मिळून ०.९ आले, नवी कडी ०.३. कागदावर ४०९.४ यायला हवं.

"म्हंजी ०.६ ची घट," आण्णा म्हणाले. "कुठं गेलं?"

मी आठवायला लागले. केस घडवताना ओटा पुसला ते फडकं. आणि खडूने घासून झाल्यावर माकड धुतलं होतं ते.

"कुठं धुतलंस?"

"सिंकमध्ये."

"पोरी," आण्णा म्हणाले, "नळाखाली फडकं बांधायचं असतंय."